वार लावून शाळा

"बाई, तुमची शाळा कोणती?" हा प्रश्न मला नोकरीत सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आणि त्याचं सरळ उत्तर मला कधी देता आलं नाही. माझी शाळा नव्हती. तालुक्यातल्या सगळ्याच शाळा माझ्या, म्हणजे एकही माझी नाही. मी फिरती विशेष शिक्षिका होते. ज्या मुलाला कमी ऐकू येतं, कमी दिसतं, चालता येत नाही किंवा शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, ते मूल गावातल्या साध्या शाळेत, बाकीच्या मुलांबरोबर बसलं पाहिजे, असं सरकारचं धोरण आहे. धोरण चांगलं आहे. ते एसटीतून उतरवून, डोंगर चढवून त्या मुलाच्या दारापर्यंत न्यायचं काम माझं.

शाळेत पाऊल टाकलं की माझ्यासाठी पाहुण्यांची खुर्ची पुढे यायची. शिक्षक हसतमुखाने चहा मागवायचे आणि मी केव्हा जाणार याचा अंदाज घ्यायचे. त्यांचा काही दोष नाही. मी आले म्हणजे एक माहिती भरायची, एक सही करायची, आणि ज्या पोराकडे पाहायला वेळ मिळाला नव्हता त्याच्याकडे पाहावं लागायचं. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे कुठल्या रांगेत उभं राहायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कुठल्याही शाळेच्या फोटोत मी नाही. करार दरवर्षी नवा व्हायचा, आणि वयोमर्यादा आली तेव्हा नवा झाला नाही, एवढाच माझा निरोप समारंभ. मी मूळची सावर्ड्याची, नोकरी गुहागर तालुक्यात, राहायला भाड्याची एक खोली. लग्न झालं नाही. त्याची कारणं हा या लेखाचा विषय नाही. दिवसभर मुलांशी मोठ्याने, सावकाश, ओठ दाखवत बोलायची सवय, आणि संध्याकाळी खोलीवर आलं की बोलायला कुणी नाही. एकटेपणा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. कदाचित म्हणूनच सानिकाची गोष्ट माझ्या इतकी जिव्हारी लागली असेल.

पण आधी धंदा समजून घ्या. विशेष गरजा असलेलं मूल साध्या शाळेत टिकावं म्हणून सरकार काही मदत देतं. चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर अशा वस्तू शिबिरात मिळतात. त्याशिवाय भत्ते असतात. मूल वाहनाने येत असेल तर प्रवास भत्ता. त्याला कुणी आणून सोडत असेल तर त्या माणसासाठी मदतनीस भत्ता. दिसत नसेल तर वाचून दाखवणाऱ्यासाठी वाचक भत्ता. रक्कम ऐकाल तर हसाल, म्हणून सांगत नाही. शिवाय ती मिळते तेव्हा पोरगं पुढच्या इयत्तेत गेलेलं असतं. पण तिचा एक फायदा असतो. कागदावर भत्ता लागला की ते मूल मोजलं जातं. मोजलं गेलं की कुणीतरी विचारायला येतं, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे मीच.

या कामात नमुने भरपूर भेटले. एका मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पटावर घेतो की! पटसंख्येला मदतच होईल. फक्त वर्गात नको." सुरुवातीला मी रत्नागिरी तालुक्यात होते, तेव्हा पूर्णगडला एका मासेमारी करणाऱ्या खारव्याच्या मुलाला श्रवणयंत्र मिळालं होतं. महिन्याने जाऊन पाहते तर पोरगा तसाच, हाक मारली तरी समुद्राकडे तोंड. यंत्र कुठे? आईने मला देव्हाऱ्यापाशी नेलं. यंत्र लाल कपड्यावर देवांच्या ओळीत ठेवलेलं, वर हळदीकुंकू.

"येवडी म्हाग वस्तू! पोरगा पान्यात पाडील. देवाजवळ सांभाळून हाय."

"अहो, देवाला ऐकू येतं," मी म्हणाले. "पोराला येत नाही."

ती इतकी हसली की यंत्र तिने स्वतःच पोराच्या कानात घातलं. असे दिवस आले की खोलीवर जाताना मी एसटीत एकटीच हसत असे आणि कंडक्टर वळून बघत असे.

सानिकाचं गाव हेदवीच्या पुढे, आत. गाव म्हणजे डोंगराच्या अंगावर सांडलेल्या वाड्या. शाळा खाली सपाटीला, आणि सानिकाचं घर वरच्या वाडीत. मधे पाखाडी. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या, काही झिजून गुळगुळीत झालेल्या. सानिकाला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. पाय कडक, एकमेकांत अडकणारे, हात बरे, बोलणं सावकाश, शब्द ओढत ओढत, आणि डोकं तल्लख. बाप मुंबईत एका कारखान्याच्या कँटीनला. आई दुसऱ्यांच्या आंबाबागेत कामाला. घरात ती आणि आजोबा.

शिबिरात तिला व्हीलचेअर मिळाली होती. फोटोही निघाला होता. मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा ती खुर्ची अंगणात उन्हात उभी होती आणि तिच्यावर आमसुलं वाळत घातली होती. पाखाडीवरून चाकाची खुर्ची कशी उतरणार, हा प्रश्न ती देणाऱ्याला पडला नव्हता, आणि घेणाऱ्याने संकोचाने विचारला नव्हता. सानिकाच्या नावापुढे "गृहाधारित" असं लिहिलं होतं. म्हणजे नाव शाळेच्या पटावर आणि मूल घरात. आठवड्यातून एकदा विशेष शिक्षिका जाणार आणि शिकवणार.

तशी मी वर्षभर गेले. ती पडवीत भिंतीला टेकून वाटेकडे तोंड करून बसलेली असे. मी दप्तर उघडायच्या आधी तिचा प्रश्न तयार असायचा. "बाई, खाली आज काय झाला?" शाळेत काय झालं, विहिरीवर कोण होतं, दुकानात बिस्किटं आली का. मी सांगत असे. ती एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारून घेई, आठवडाभर पुरवून खायची असल्यासारखी. वाचायला ती भराभर शिकली. पण एकदा धडा अर्ध्यावर सोडून म्हणाली, "बाई, मला कोन विचारीत नाय, आज काय खाल्लंस म्हणून." मी विचारलं, "काय खाल्लंस?" तर म्हणाली, "तसा नाय. पोरानी विचारला पायजे."

मी सरकारी माणूस. माझ्या हातात एकच गोष्ट होती, मदतनीस भत्ता. कुणीतरी तिला रोज उचलून खाली आणायला तयार झालं, तर तिचं नाव "गृहाधारित"मधून निघून शाळेत येणाऱ्या मुलांत जाईल. पण उचलणार कोण? आई पहाटे बागेत जायची. आजोबांना स्वतःला काठी लागायची. बाकी वाडीतले कर्ते पुरुष मुंबईत.

शेवटी मी गावकीपुढे गेले. गावकीची बैठक सहाणेवर भरते. शिमग्यात जिथे पालखी बसते, तो हा ओटा. बायका सहसा बोलत नाहीत. मी बाहेरची म्हणून चाललं. मी भत्त्याचं सांगितलं. मग गावकीतले वडीलधारे बाळूतात्या म्हणाले, "बाय, आमी हमाल काय? पोरगी आमची, नि उचलायला सरकारचे पैशे घ्यायचे? उद्या पालखीला खांदा द्यायचे बी पैशे घेव काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं. पण बाळूतात्यांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी सुपारी गालात सरकवली. "आमच्या लहानपनी खालच्या आळीत गरिबाचे पोरगे वार लावून जेवायचे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. पोरगे शिकले. आपन हिचा वार लावूया. घरटी एक दिवस. सोमवार माजा."

पुण्याच्या कुठल्या तज्ज्ञाने अशी योजना काढली असती तर तिला भलंमोठं नाव मिळालं असतं. इथे सुपारी चघळून संपायच्या आत पाच वार लागले. मंगळवार शेवंताकाकींनी घेतला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार भरले. शनिवार कुणी घेईना. उचलू शकेल असं सहावं घर त्या वाडीत उरलं नव्हतं.

"शनवार माजा."

आवाज बैठकीतून आला नव्हता. सहाणेच्या खालून वाट जाते, तिथे डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन यशोदाताई जाधव उभी होती. पाखाडीच्या मध्यावर बौद्धवाडी आहे, तिथली. बौद्धवाडीला या बैठकीचं बोलावणं नसतं. ती जाता जाता थांबून ऐकत होती. एकमेकांकडे कुणी बघेना, सगळे बैठकीत बसलेल्या सानिकाच्या आजोबांकडे बघू लागले. आजोबा अडकित्त्याकडे. कुणीतरी हळूच म्हणालं, "शनवारी अर्धीच शाळा असते." त्याने काय फरक पडणार होता ते मला कळलं नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण आजोबा मान वर न करता म्हणाले, "येव दे."

"येवचीच हाय," यशोदाताई म्हणाली आणि भारा सावरून चालू लागली.

त्या सोमवारी बाळूतात्यांच्या सुनेने सानिकाला पाठीवर घेतलं, पदराने बांधलं आणि खाली आणलं. आमसुलं उतरवून व्हीलचेअर आधीच शाळेत नेऊन ठेवली होती. शाळेचा व्हरांडा आणि अंगण सपाट, तिथे ती मजेत फिरे. पोरांना तर खेळणंच मिळालं. सानिकाचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात पोरं ते आपल्या मनाने पुरं करून टाकायची, चुकीचं. मग सानिका हसायची, आणि हसताना तिचे हातपाय आणखी ताठ व्हायचे, आणि पोरं आणखी हसायची. मी दारात उभी राहून बघत असे. गुरुजी सुरुवातीला नाराज होते. एकाच माणसाने सगळे वर्ग सांभाळायचे, त्यात ही. पण महिन्याभराने त्यांनी मला पाहुण्यांची खुर्ची द्यायची सोडली आणि म्हणाले, "बाई, जरा दुसरीला घ्या. मी चौथीचं गणित बघतो." नोकरीतला तो माझा सगळ्यांत मोठा मान.

सानिकाला शाळेइतकीच वाट आवडायची, हे मला उशिरा कळलं. वारागणिक तिच्या बातम्या वेगळ्या असत. मंगळवारी शेवंताकाकी वाटभर बोलत, त्यामुळे मंगळवारी तिला गावातली भांडणं कळत. शनिवारी यशोदाताई. ती उंचनिंच, तिखट तोंडाची. उतरताना दर पायरीला शिव्या घालायची, पायरीला, सरपंचाला आणि पाखाडी दुरुस्तीचे पैसे ज्यांनी खाल्ले त्यांना. सानिकाने त्या सगळ्या शिव्या पाठ केल्या होत्या. एकदा वर्गात तिने त्यातली एक सावकाश, स्पष्ट उच्चारली. तिच्या वाणीसाठी मी इतके व्यायाम घेतले होते, पण एवढं स्वच्छ वाक्य तिने तोवर म्हटलं नव्हतं. गुरुजींना हसू आवरेना आणि मला ओरडावं लागलं.

चूक कुठे झाली ती सांगते. भत्ता नको, असं गावकीने ठरवलं होतं. मला त्या स्वाभिमानाचं कौतुक वाटलं. मी मदतनीसाचा रकाना कोरा ठेवला. कोरा रकाना ऑफिसात गेला की त्याचा अर्थ एकच: मदतनीस नाही. पाय चालत नाहीत आणि मदतनीस नाही, म्हणजे मूल शाळेत येऊच शकत नाही. पुढच्या वर्षी यादी आली तेव्हा सानिका पुन्हा "गृहाधारित". मी ऑफिसात सांगितलं, अहो ती रोज शाळेत असते. उत्तर आलं, "कागदावर नाही ना." आता कुणाचं तरी एक नाव हवं होतं. कागदाला सहा नावं चालत नाहीत आणि वार तर मुळीच समजत नाहीत.

मी घरोघर फिरले. नाव द्यायला एकही घर तयार होईना. प्रत्येकाला भीती, की बाकीचे म्हणतील, पोरीच्या नावाचे पैसे हे खातात. बाळूतात्यांनी तर हात जोडले. शेवटी यशोदाताईच्या अंगणात गेले. ती कोंडा पाखडत होती.

"माजा घाला," ती म्हणाली. "मला लाज नाय. मी उचलते ती उचलते, सरकार देतंय ता घेते. ह्यांच्या अब्रूपायी पोरगी घरात बसवायची काय?"

"लोक बोलतील," मी म्हणाले.

"लोक आदी काय गप होते?"

लोक बोललेच. पैशासाठी उचलते, असं वरच्या वाडीत सुरू झालं. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती सहाणेखालून जाताना मोठ्याने म्हणाली, "व्हय, पैशासाठी! ज्याला फुकट जमतंय त्यानी शनवारी बी या!" कुणी आलं नाही. भत्ता सानिकाच्या खात्यावर यायचा आणि तिची आई तो काढून यशोदाताईला द्यायची. पहिला भत्ता आला तोवर वर्ष उलटलं होतं. दर भेटीत यशोदाताई मला विचारायची, "बाई, सरकार उठला काय झोपेतून?" अखेर पैसे आले तेव्हा तिने एक कोंबडी घेतली आणि तिचं नाव भत्ता ठेवलं. ती अंगणात उभी राहून "भत्ता, भत्ता" अशी हाक मारायची आणि ये-जा करणाऱ्या सगळ्यांना ती ऐकू जायची.

तीन-चार वर्षं अशी गेली. मग वार गळू लागले.

सगळ्यांत आधी सोमवार गेला. बाळूतात्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला मुलाने त्यांना मुंबईला नेलं, सून बरोबर गेली, आणि ते घर परत उघडलं ते फक्त गणपतीत. गुरुवारच्या घरातल्या मुलाला मुंबईत शाळेत घातलं, म्हणून आई त्याच्यामागे. बुधवारचं घर असंच एका मे महिन्यानंतर बंद झालं. शेवंताकाकी पडल्या आणि हाताला प्लास्टर आलं. प्लास्टर निघालं तरी मंगळवार परत आला नाही. कुणी भांडलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. दाराला कुलूप आणि कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी, पावसाने गंजू नये म्हणून. मी पाखाडी चढताना दोन्ही बाजूंना त्या पिशव्या बघत जाई. शाळेचा पटही तसाच उतरत होता. ज्या पोरांनी सानिकाला "काय खाल्लंस" विचारायचं होतं, ती एकेक करून दाखला घेऊन गेली. मुलं इतकी कमी झाली की गुरुजी सगळ्यांना आपल्या टेबलाभोवतीच बसवून घेत.

रिकामा झालेला प्रत्येक वार यशोदाताई घेत गेली. कुणी तिला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. सोमवारी कुणी आलं नाही म्हणजे ती बौद्धवाडीतून वर चढून जायची, सानिकाला घ्यायची आणि पुन्हा खाली. संध्याकाळी उलट. शुक्रवारच्या घराने एकदा म्हटलं, "तुजा नाव हाय ना कागदावर, मग तूच न्हे." त्यावर ती जे बोलली ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. शेवटी आठवडाभर शनिवारच झाला. सानिका मोठी होत होती, अंगाने भरत होती. यशोदाताईचे गुडघे उतरताना कुरकुर करू लागले. मी एकदा म्हणाले, "ताई, जमतंय ना?" तर म्हणाली, "पोरगी जड नाय. पायऱ्या जड झाल्यात."

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. दिवाळीनंतर एका सकाळी गुहागरच्या स्टँडवर मला यशोदाताई दिसली. नवं लुगडं, बाजूला दोरीने बांधलेली पिशवी. मुलगा नालासोपाऱ्याला. सून बाळंत झाली होती, तिला घरात कुणी नव्हतं.

"बाई, मी काय करू सांगा," तिने मला पाहिल्या पाहिल्या सुरू केलं. आवाज चढलेला, जणू मी तिला अडवलं होतं. "पोटचा पोरगा बोलवतोय. नको म्हणू?"

"नाही हो. जायलाच हवं."

"सानिका माज्याशी बोलली नाय. दोन दिवस पाट फिरवून बसली. शेवटी कोंबडी न्हेऊन दिली तिच्याकडं, तरी बगितला नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "माजा नाव काढू नका हां कागदावरून. मी येनार हाय."

मी हो म्हणाले. गाडी लागली, ती चढली. खिडकीतून तिने हात केला नाही, पुढे बघत बसून राहिली. ती येणार नाही हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं. मी त्या दिवशी कुठल्याच शाळेत गेले नाही. स्टँडवर बसून राहिले. माझ्या कामात आजवर किती मुलं आली, किती दाखले घेऊन गेली, पण असं कधी वाटलं नव्हतं, की सगळे उठून गेलेत आणि मी एकटीच इथे बसून राहिलेय.

पुढचं काम मला ठाऊक होतं. मदतनीस उरला नाही, म्हणजे सानिका "गृहाधारित". त्या कागदावर माझीच शिफारस लागते, पालकाची सही लागते. ते टाळत टाळत मी शनिवारपर्यंत आणलं. शनिवारी सकाळची शाळा. पहिल्या गाडीने निघाले तर गाडी वाटेत बंद पडली. मी पोचले तेव्हा शाळा सुटत आली होती. गुरुजींनी लांबूनच मान हलवली. यशोदाताई गेल्यापासून सानिका आली नव्हती. व्हरांड्यात व्हीलचेअर कपड्याने झाकून ठेवली होती. मी कागद पिशवीत आहे ना ते बघितलं आणि पाखाडी चढू लागले.

बौद्धवाडीच्या वरच्या वळणावर मला सानिका दिसली.

ती पायरीवर बसली होती. गणवेश घातलेला, दप्तर पाठीवर. दोन्ही हात मागे टेकून तिने अंग पुढे सरकवलं, ताठ पाय खालच्या पायरीवर सोडले, आणि धपकन खाली बसली. मग पुन्हा हात मागे. स्कर्ट जांभ्याच्या तांबड्या धुळीने माखलेला, तळहात सोललेले. तिच्या मागे चारदोन पायऱ्या सोडून आजोबा काठी टेकत उतरत होते. ते रडत होते की उन्हाने डोळे भरले होते, मला समजलं नाही.

"बाई, तुमी सांगा तिला," ते म्हणाले. "सकाळधरनं चाल्लीय. उचलायला मानूस बोलवू म्हटला, तर आयकत नाय. अन् मानूस तरी खयसून आनू?"

मी दप्तर काढून घ्यायला हात पुढे केला. सानिकाने मान हलवली. तिला धाप लागली होती, शब्द यायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"बाई... वाटेतून... सरका."

मी सरकले. माझं वय झालेलं, कंबर गेलेली. मी तिला उचलू शकले नसते. म्हणून जे जमत होतं ते केलं. तिच्या एक पायरी खाली मी बसले, साडीसकट, आणि तिच्यासारखीच पुढे सरकत उतरू लागले, म्हणजे ती घसरली तर माझ्यावर येईल. मधेच तिने विचारलं, "बाई, सकाळी काय खाल्लंव?" मी म्हणाले, चहा आणि खारी. ती म्हणाली, "मी घावनं." इतक्या वर्षांत हा प्रश्न मलाही कुणी विचारला नव्हता. माझे डोळे भरून आले. मी ते तिला दिसू दिलं नाही, दगडांकडे बघत राहिले.

आम्ही सपाटीला पोचलो तेव्हा शाळा सुटून गेली होती. पोरं पांगली होती. गुरुजी दाराला कुलूप लावत होते. किल्ली कुलपात तशीच ठेवून ते आमच्याकडे बघत राहिले. सानिका अंगणाच्या कडेला बसली होती, धापा टाकत, त्या रिकाम्या व्हरांड्याकडे बघत.

"सुटली?" तिने विचारलं.

"सुटली गं," गुरुजी म्हणाले. "आज शनिवार ना."

तिने थोडा विचार केला. "सोमवारी लवकर निघते."

मग आम्ही तिघंही, गुरुजी, आजोबा आणि मी, वर पाखाडीकडे बघू लागलो. तिघांच्याही मनात एकच प्रश्न आला असणार. बसून पायऱ्या उतरता येतात. चढता येत नाहीत. ते सानिकानेही ओळखलं. तिने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं आणि एकेक शब्द सावकाश, अगदी स्वच्छ म्हटला.

"उतरायचा मी बगितला. चढायचा तुमी बगा."